मुक्या जीवांचे दत्तकविधान

गेल्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी पहाटे, देवस्थानच्या तळीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर कोणीतरी एक गोणपाट ठेवून गेले. आमचे बाबा स्नानास उतरले तेव्हा ते हलताना दिसले. आत कुत्र्याची पाच पिले होती. डोळे उघडलेले, परंतु आईचे दूध सुटलेले नव्हते. ठेवणाऱ्याच्या मनात क्रौर्य नसावे. देवाच्या दारी सोडले म्हणजे देव पाहून घेईल, एवढाच त्याचा हिशेब असावा. प्रत्यक्षात दर तीन तासांनी दूध पाजण्याचे काम आमच्या आईकडे आले.

बाबांनी पिले अग्रशाळेच्या मागच्या पडवीत ठेवली. एक चौथ्याच दिवशी गेले. दुसरे पंधरवड्याने रक्ताच्या हगवणीने गेले. गुरांच्या डॉक्टरांनी त्या रोगाचे नाव पार्वो असे सांगितले. तिसरे एका शिक्षिकाबाईंनी नेले. उरलेल्या दोघांची चर्चा देवस्थान समितीच्या बैठकीत निघाली, तेव्हा एका वयोवृद्ध महाजनांनी शांतपणे विचारले, “डॉक्टरकडून सुखाने झोपवून का टाकीत नाही? रस्त्यावर हाल होण्यापेक्षा ते बरे नव्हे काय?” त्यांना निर्दय म्हणण्याचे मला धाडस नाही. त्यांच्या नातवाला कुत्रा चावला होता आणि त्या मुलाने लशीच्या पाच सुया सोसल्या होत्या. त्या वेळी मजपाशी उत्तर नव्हते. त्यानंतर जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते या अंकात वाचकांपुढे ठेवीत आहे.

‘दयामरण’ हा शब्दच प्रथम तपासून घेऊ. ज्या जीवाचा रोग असाध्य आहे, ज्याच्या वेदना कोणत्याही औषधाने शमत नाहीत, त्याला जाणत्या वैद्याने वेदनारहित मरण द्यावे, यात दया आहे हे मान्य करावयास हवे. २०२३ च्या केंद्रीय प्राणी जन्मनियंत्रण नियमांनीही असाध्य रोगी आणि प्राणांतिक जखमी कुत्र्यांपुरतीच ही वाट ठेविली आहे. शिवाय दुसऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांदेखत हे करू नये, असेही त्यांत बजावले आहे. परंतु निरोगी, दोन वेळा जेवणारे, माणूस दिसताच शेपूट हलविणारे पिलू केवळ ठेवावयास जागा नाही म्हणून मारले, तर त्यात दया कोणावर झाली? पिलावर खचित नव्हे.

अमेरिकेत हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तेथे भटकी जनावरे रस्त्यावर राहू देत नाहीत. ती आश्रयगृहात जातात, आणि पिंजरे भरले की ज्यांना कोणी नेले नाही त्यांना सुई देण्यात येत असे. २०११ च्या सुमारास वर्षाकाठी सुमारे २६ लक्ष कुत्री-मांजरे अशा रीतीने मारली जात, असा तेथील प्राणिदया संस्थेचा अंदाज आहे. पुढील काही वर्षांत हा आकडा दहा लक्षांच्या खाली आला. हे एकाएकी घडले नाही. सान फ्रान्सिस्को शहरात १९९४ साली तेथील प्राणिदया संस्था आणि नगरप्रशासनाचे प्राणिखाते यांनी आपसांत करार केला, की निरोगी कुत्रे वा मांजर आश्रयगृहात मारावयाचे नाही, त्याला घर मिळवून द्यावयाचे. त्याच्या जोडीला जनावरांच्या नसबंदीवर भर देण्यात आला. येणारी जनावरे कमी आणि घर मिळणारी अधिक, असे दोन्ही टोकांनी काम झाले तेव्हा कोठे सुई मागे पडली.

याच्या उलट बाजूचा धडा इटलीने दिला, आणि माझ्या मते तो आपणांस अधिक उपयोगी आहे. तेथे १९९१ च्या २८१ क्रमांकाच्या कायद्याने आश्रयगृहातील कुत्र्यांना मारण्यास बंदी झाली. गंभीर वा असाध्य आजारी आणि सिद्ध झालेली घातक कुत्री तेवढी वगळली. कायदा उत्तम. परंतु ज्या भागांत नेणारी कुटुंबे पुढे आली नाहीत, तेथे कुत्री पिंजऱ्यातच म्हातारी झाली. मारू नका एवढे म्हटल्याने काम संपत नाही, ते तेथून सुरू होते. बारा-तेरा वर्षांचे आयुष्य चार हात लांबीच्या जागेत, वेळेवर ताट आले तरी, काढणे म्हणजे काय, हे आपल्या गावच्या कोंडवाड्यात डांबलेल्या गुराच्या डोळ्यांकडे ज्याने पाहिले असेल त्याला निराळे सांगावयास नको.

आपल्या देशात ही दोन्ही टोके आपण पाहिली आहेत. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला व मारणाऱ्यांना बक्षीस लावले. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने त्याविरुद्ध बाजार बंद केले, दंगा झाला. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. पांजरपोळीची परंपरा थोर आहे. पण पांजरपोळ म्हणजे घर नव्हे. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची सारी भटकी कुत्री आश्रयगृहात नेण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत त्यात बदल केला: नसबंदी व लस झालेले कुत्रे, ते पिसाळलेले वा आक्रमक नसेल तर, जेथून आणले तेथे सोडावे. त्याच आदेशात प्राणिप्रेमींनी अर्ज करून कुत्री दत्तक घ्यावीत, आणि घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांच्यावर राहील, असे म्हटले आहे. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलविण्याचा आणि परत तेथे न सोडण्याचा आदेश झाला. म्हणजे आश्रयगृहे भरणार. आम्ही ज्या एका आश्रयगृहात चौकशी केली, तेथील गृहस्थ म्हणाले, “आणून सोडलेत तर नाही म्हणवणार नाही. पण एक येते तेव्हा दुसऱ्याची जागा जाते. नेणारा मिळत असेल तर आधी तो शोधा.”

‘दत्तक’ हा शब्द त्या न्यायालयीन आदेशात वाचला तेव्हा मी थोडा थांबलो. आपल्याकडे हा शब्द हलका नाही. दत्तकविधानात देणारा असतो, घेणारा असतो, अग्नीच्या साक्षीने होम होतो, मुलाचे गोत्र बदलते. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे एकदा विधिपूर्वक झालेले दत्तक कोणालाच रद्द करता येत नाही, घेणाऱ्यालाही नाही. कुत्र्यामांजरांना हे कलम लागू नाही, हे उघड आहे. परंतु नेलेले पिलू मोठे झाले, भुंकू लागले, पायताणे चावू लागले की परत आणून सोडणारे लोक काही थोडे नाहीत. ज्याला ‘पाहू या जमते का’ असे वाटते, त्याने पिलू नेऊ नये. तसे त्याने स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही.

आता धर्माच्या बाजूने येणारी शंका. कुत्रे अमंगळ, ते सोवळ्याच्या घरात कसे चालावे, असे अनेक जण मला विचारतात, आणि भटजीच्या मुलाला विचारतात म्हणून जरा जोरानेच विचारतात. स्वयंपाकघर आणि देवघर यांत त्याला येऊ न देण्याची शिस्त पाळता येते. पडवी आणि अंगण पुरते. वैश्वदेवानंतरच्या बळिहरणात कावळ्याबरोबर श्वानाचाही वाटा सांगितला आहे, तेव्हा गृहस्थाच्या अन्नावर त्याचा हक्क मुळात मान्य आहे. महाभारताच्या शेवटी धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पण त्या ग्रंथाच्या आरंभीची कथा फारशी कोणी सांगत नाही. जनमेजयाच्या यज्ञमंडपात देवशुनी सरमेचे पिलू शिरले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नव्हते की त्याला तोंड लावले नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. रडत आलेल्या पिलाची हकीकत ऐकून सरमा यज्ञात गेली आणि विचारती झाली, याचा अपराध काय? कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला, की तुम्हांला न दिसणारे भय प्राप्त होईल. त्या भयाचे निवारण करू शकेल असा पुरोहित शोधीत राजाला हिंडावे लागले. मला या कथेत शापापेक्षा ते निरुत्तर मौन अधिक बोचते, कारण बैठकीत मीही तसाच गप्प बसलो होतो.

भयाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि भक्तिभावाने तो सुटत नाही. पिसाळण्याचा रोग एकदा लक्षणे दिसू लागली की माणसाला जवळजवळ निश्चित मारतो. त्यावर उपाय कुत्री मारण्याचा नसून लस टोचण्याचा आहे, हे आपल्या गोव्यातच दिसून आले: वर्षानुवर्षे गावोगाव जाळी घेऊन फिरणाऱ्या पथकांनी कुत्र्यांना लस दिली, आणि २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. घरी आणलेल्या पिलाला तीन महिन्यांचे झाल्यावर ही लस द्यावी व पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. पार्वो व डिस्टेंपर यांची लस त्याच्याही आधी, दीड-दोन महिन्यांपासून सुरू करावी लागते. आमच्या दुसऱ्या पिलाच्या बाबतीत हे उशिरा कळले. मादी असेल तर सहाव्या महिन्याच्या सुमारास शस्त्रक्रिया करून घ्यावी. कुत्रीला गर्भ राहिल्यापासून दोन महिन्यांत पिले होतात, आणि वर्षातून दोनदाही होऊ शकतात. ती पुन्हा कोणाच्या तरी गोणपाटात जातात. जनावराला उपाशीतापाशी मरावयास टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविला. पहिल्या गुन्ह्यास दंड ठरला दहा ते पन्नास रुपये! हल्ली गोणपाटालाही याहून अधिक पडत असतील.

अग्रशाळेच्या पडवीतील दोन पिले आता सहा महिन्यांची झाली आहेत. नर तांबूस-पांढरा असून मुलांत रमतो. मादी काळी, अंगाने बारीक. घुमटाचा आवाज सुरू झाला की बाकाखाली जाऊन बसते, म्हणून तिला शांत घर हवे. दोघांना लस झालेली आहे. तिचा दाखला त्या वयोवृद्ध महाजनांनी स्वतः चष्मा लावून वाचला आणि तारीख बरोबर आहे एवढेच म्हणाले. मादीची शस्त्रक्रिया येत्या पंधरवड्यात होईल. ज्यांना पाहावयाची असतील त्यांनी रविवारी सकाळच्या आरतीनंतर पडवीत यावे. मी तेथे असतो. येताना घरातील सर्वांना बरोबर आणावे, विशेषतः ज्यांचा विरोध असेल त्यांना.