मक्केची रेल्वे आणि चिनी कंपनीचा तोटा : करारनाम्याचा एक धडा

दोन देशांच्या सरकारांत मैत्री झाली की व्यापाऱ्याचा मार्ग मोकळा होतो, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज निम्माच खरा आहे. मैत्रीमुळे दार उघडते. परंतु आत गेल्यावर नफा होणार की नुकसान, हे कागदावर काय लिहिले आहे त्यावर ठरते. चीन आणि अरब देशांच्या सहकार्यात याचे एक ठळक उदाहरण आहे. आपल्या व्यापारी व कंत्राटदार बांधवांनी ते बारकाईने समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

आधी पार्श्वभूमी पाहू. अरब देशांपैकी इजिप्तने १९५६ मध्ये सर्वप्रथम साम्यवादी चीनला मान्यता दिली. सऊदी अरबने मात्र राजनैतिक संबंध जोडले ते १९९० मध्ये, सर्व अरब देशांच्या शेवटी. पुढे तीनच वर्षांत, म्हणजे १९९३ मध्ये, चीन तेल निर्यात करणाऱ्याऐवजी निव्वळ आयात करणारा देश बनला. एकाला तेल हवे होते, दुसऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक. ही गरज दोघांना जवळ घेऊन आली. जानेवारी २००४ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ कैरो येथे अरब लीगच्या मुख्यालयात गेले, त्या वेळी चीन-अरब सहकार्य मंचाची घोषणा झाली. अरब लीगचे २२ सदस्य एका बाजूला आणि चीन दुसऱ्या बाजूला, अशी ही रचना आहे. मंत्र्यांची बैठक साधारणपणे दर दोन वर्षांनी भरते. २००४ साली चीन-अरब व्यापार सुमारे ३७ अब्ज डॉलर होता. २०२२ मध्ये तो ४३० अब्ज डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रियाध येथे पहिली चीन-अरब शिखर परिषद झाली.

आता मूळ उदाहरणाकडे वळू. हजच्या दिवसांत मिना, अराफात व मुजदलिफा यांच्या दरम्यान लाखो हाजींची ने-आण करावी लागते. बसगाड्यांची कोंडी फोडण्यासाठी सऊदी सरकारने तेथे रेल्वे बांधण्याचे ठरविले. १० फेब्रुवारी २००९ रोजी रियाधमध्ये, शाह अब्दुल्लाह व हू जिंताओ यांच्या उपस्थितीत, चायना रेल्वे कन्स्ट्रक्शन या चिनी सरकारी मालकीच्या कंपनीशी करार झाला. लांबी सुमारे १८ किलोमीटर, स्थानके ९, रक्कम सुमारे ६६५ कोटी रियाल. आराखडा, सामान, बांधकाम आणि पुढची काही वर्षे गाडी चालविणे, हे सर्व कंपनीच्या अंगावर. नोव्हेंबर २०१० च्या हजला ३५ टक्के क्षमतेने गाडी धावली पाहिजे, अशी अट होती.

गाडी वेळेवर धावली. आपल्याकडून गेलेल्या पुष्कळ हाजींनी नंतरच्या वर्षांत तिने प्रवास केलेला आहे. परंतु हज सुरू होण्याआधीच, ऑक्टोबर २०१० मध्ये, कंपनीने जाहीर केले की या एका कामात तिला सुमारे ४१५ कोटी युआनचा तोटा होणार आहे. हा आकडा करारातील रकमेच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होता.

असे का झाले? कंपनीने दिलेली कारणे तीन प्रकारची होती. पहिले, रक्कम ठरली तेव्हा आराखडा प्राथमिक अवस्थेत होता. प्रत्यक्ष काम अंदाजापेक्षा फार मोठे निघाले. दुसरे, काम चालू असताना मालक पक्षाकडून मागण्या वाढत गेल्या, पण ठरलेली किंमत तशीच राहिली. तिसरे, जमीन मोकळी करून मिळण्यास व जमिनीखालच्या वाहिन्या हलविण्यास उशीर झाला, मात्र हजची तारीख कोणासाठी थांबणार नव्हती. मुदत गाठण्यासाठी कंपनीने इतर कामांवरची माणसे मोठ्या संख्येने तिकडे हलविली. मक्केच्या हरमच्या हद्दीत मुस्लिमांनाच प्रवेश असल्याने माणसे निवडण्यावरही मर्यादा होती.

२०११ च्या जानेवारीत सरकारी मालकीच्या मूळ कंपनीने तोट्याचा बाकी भार स्वतःकडे घेतला. म्हणजे मैत्रीची किंमत अखेर चीनच्या सरकारी तिजोरीने मोजली. सामान्य कंत्राटदाराच्या पाठीशी अशी तिजोरी नसते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

याच्या उलट दुसरे उदाहरण पाहावे. यनबू येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात सऊदी अरामकोचा वाटा ६२.५ टक्के आणि चिनी सिनोपेकचा ३७.५ टक्के आहे. रोज ४ लाख पिंप तेल शुद्ध करण्याच्या क्षमतेचा हा कारखाना असून, जानेवारी २०१६ मध्ये शाह सलमान व शी जिनपिंग यांनी त्याचे उद्घाटन केले. येथे दोघेही भागीदार आहेत. खर्च वाढला तर तो दोघांना सोसावा लागतो, म्हणून दोघेही आधी हिशेब नीट तपासतात. ज्यांनी फिकहमधील शिरकतचे नियम वाचले आहेत, त्यांना नफ्याबरोबर नुकसानीतही वाटा घेण्याचे हे तत्त्व परके वाटणार नाही.

रत्नागिरी, रायगड, मुंबई येथील आपले अनेक बांधव आखातात रंगकाम, वायरिंग, वातानुकूलन, सुतारकाम अशी पोटकंत्राटे घेतात. रक्कम लहान असली तरी धोका तोच आहे. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. नकाशा पूर्ण झाल्याशिवाय ठोक रकमेवर सही करू नये. करावीच लागली तर दर मापाप्रमाणे ठरवावा.

२. जादा कामाचा दर आणि तो मंजूर करणाऱ्याचा हुद्दा करारातच लिहून घ्यावा. तोंडी हुकुमावर काम सुरू करू नये.

३. जागा उशिरा ताब्यात मिळाली तर मुदत तितकीच वाढेल, असे कलम हवे.

४. वाद झाल्यास कोठे व कोणत्या भाषेतील मजकूर ग्राह्य धरला जाईल, हे पाहावे. अरबी मजकूर जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय सही नको.

ओळखीच्या माणसाकडे लेखी मागणे आपल्याकडे संकोचाचे समजले जाते. वास्तविक कुरआनच्या सूरह बकराची २८२ वी आयत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची व साक्षीदार घेण्याची शिकवण देते, आणि व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये असेही सांगते. दोन राष्ट्रप्रमुखांच्या साक्षीने झालेल्या करारातही जे कागदावर नव्हते ते पदरात पडले नाही. मग आपण केवळ भरवशावर काम का घ्यावे?