दोष नेमका कोठे?

बंगळूरच्या जुन्या पेठेत, टाउन हॉलजवळ, सदर पत्रप्पा रस्ता आहे. सारे शहर त्याला एस. पी. रोड म्हणते. १९८३ मध्ये इन्फोसिस पुण्याहून बंगळूरला आली आणि १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने तेथे आपले केंद्र उघडले. पुढे शहराचे नाव संगणकाशी कायमचे जोडले गेले. संगणकाच्या सुट्या भागांची पेठ मात्र काचेच्या इमारतींत नाही. ती या अरुंद रस्त्यावरील दुकानांत आहे. मदरबोर्ड, रॅम, पंखे, वायरी, हवे ते येथे मिळते. चुकीची खरेदीही तितक्याच सहजपणे होते.

समजा, लग्नसमारंभांच्या चित्रफिती संपादित करून उपजीविका करणाऱ्या एका तरुणाने येथून नवे ग्राफिक्स कार्ड आणले. पडद्यावरील चित्र घडवणारा, संगणकात बसवायचा हा स्वतंत्र भाग होय. कार्ड बसवल्यावर पत्रलेखन, हिशेब ही कामे सुरळीत होतात. परंतु चित्रफीत तयार करण्याचे अवजड काम सुरू होताच पडदा काळा होतो आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. दोन दिवसांत ग्राहकाला काम द्यायचे आहे. अशा वेळी पहिला संशय नव्या कार्डावर जातो. तो स्वाभाविक आहे, पण त्यामागे पुरावा नाही.

पुरावा यंत्राच्या वागण्यातच असतो. साधे काम करतानाही पडद्यावर रंगांचे पट्टे उमटत असतील, तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी आज्ञावली, तपासावी लागते. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढून नवा बसवला की पुष्कळदा हा त्रास मिटतो. दहा-पंधरा मिनिटे काम केल्यावर यंत्र मंदावून बंद पडत असेल, तर उष्णता, धूळ आणि पंखा यांकडे पाहावे. भार वाढताक्षणी संपूर्ण यंत्रच विझत असेल, तर संशयाची सुई एसएमपीएसकडे, म्हणजे घरातील वीज संगणकाला मानवेल अशी करून देणाऱ्या पेटीकडे, वळते.

विंडोजच्या नोंदवहीत अशा प्रसंगी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. ‘पॉवर’ हा शब्द वाचून अनेक जण लगेच एसएमपीएसला दोषी ठरवतात. वास्तविक ती नोंद एवढेच सांगते की, यंत्र रीतसर बंद न होता थांबले. कारण ती सांगत नाही.

जुने कार्ड पुन्हा बसवून पाहणे ही उपयुक्त चाचणी आहे. मात्र तिचा अर्थ जपून लावावा. जुन्या कार्डावर यंत्र नीट चालले, तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. कारण जुने कार्ड वीजच कमी घेते. नवे कार्ड पुरेशा वीजपुरवठ्याच्या दुसऱ्या संगणकात चालवून पाहिले, तर उत्तर अधिक स्पष्ट मिळते.

आता हिशेब पाहू. एन्व्हिडियाचे २०२१ मध्ये आलेले आरटीएक्स ३०६० हे कार्ड सुमारे १७० वॉट वीज घेते. मदरबोर्डवरील खाचेतून ७५ वॉटच मिळतात. उरलेली वीज एसएमपीएसच्या वायरीने द्यावी लागते. सहा पिनांच्या जोडणीतून ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट मिळू शकतात. एसएमपीएसवर ‘४५० वॉट’ असे ठळक छापलेले असले, तरी कार्ड आणि प्रोसेसर यांचा मुख्य आधार १२ व्होल्टची वाहिनी असते. तिच्यासमोर लेबलवर १८ अँपिअर लिहिले असेल, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट एवढीच तिची शक्ती. कार्डाचे १७० आणि प्रोसेसरचे ६५ मिळून २३५ होतात. भार वाढताच यंत्र का विझते, हे येथे उलगडते. या कार्डासाठी उत्पादक कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. नवा घेतानाही ठळक आकड्यावर न विसंबता १२ व्होल्टचे अँपिअर वाचावेत.

घरगुती यूपीएसही विसरू नये. ६०० व्हीएचा यूपीएस साधारणतः ३६० वॉट पेलतो. यंत्र केवळ वीज गेल्यावरच बंद पडत असेल, तर दोष त्याच्याकडेही असू शकतो.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी वायर भिंतीतून काढावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत निघून जाते. रॅम हलली नाही ना, कार्डाची वायर पूर्ण बसली आहे ना, हेही तेव्हाच पाहावे. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. वीज तोडल्यानंतरही तिच्यात धोकादायक विद्युतभार साठून राहतो.

नवा एसएमपीएस बसवल्यावर तेच अवजड काम अर्धा तास चालवून पाहावे. यंत्र तरीही विझले आणि दुसऱ्या संगणकातही कार्डाने दगा दिला, तर पावती घेऊन दुकान गाठायला हरकत नाही.