सहकारात करिअर: हिशेब जमणाऱ्यांसाठी

"सोसायटीत कसलं करिअर?" पालकांचा हा प्रश्न नेहमीचाच. महाड-पोलादपुरात बारावीनंतर बोलणं होतं ते एमआयडीसीचं, नाहीतर मुंबईचं. रायगड जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, महाडची अण्णासाहेब सावंत अर्बन बँक, पतसंस्था, विविध कार्यकारी सोसायट्या यांच्याकडे आपण फक्त कर्जासाठी किंवा ठेवीसाठी जातो.

भातशेतीच्या पीककर्जाला मागून आधार असतो नाबार्डचा. ते राज्य सहकारी बँक, जिल्हा बँक असं करत गावच्या सोसायटीत पोचतं. सोसायटीचं दप्तर नीट नसेल, तर वरची सगळी यंत्रणा शेतकऱ्याच्या उपयोगाची नाही. देशात आठ लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत. महाराष्ट्रात 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमानुसार दरवर्षी लेखापरीक्षण सक्तीचं आहे. हिशेब लिहिणारा आणि तपासणारा माणूस म्हणूनच कायम लागतो.

काय शिकावं?
बी.कॉम. सोयीचं, पण कुठल्याही शाखेचा पदवीधर सहकार आयुक्तालयाची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा देऊ शकतो. हिशेबशास्त्र, लेखापरीक्षण, सहकार कायदा हे तिचे मुख्य विषय. नोकरी सांभाळून अभ्यास होतो. पुढे अनुभव घेऊन प्रमाणित लेखापरीक्षक होता येतं. एमपीएससीतून सहायक निबंधकपदाचीही वाट आहे. व्यवस्थापन शिकायचं तर पुण्याची वैकुंठ मेहता संस्था आणि 2025 मध्ये स्थापन झालेलं आणंदचं त्रिभुवन सहकारी विद्यापीठ आहे.

मुंबईला जावंच लागलं, तरी हे शिक्षण वाया जात नाही. राज्यातल्या सहकारी संस्थांत सर्वाधिक संख्या गृहनिर्माण सोसायट्यांची आहे आणि त्यांनाही लेखापरीक्षक लागतो.

पालकांनो, आधी तपासा
लहान संस्थेत पगार तिच्या उत्पन्नावर ठरतो, कधी रखडतोही. रुजू होण्याआधी संस्थेचा लेखापरीक्षण वर्ग (अ ते ड) आणि थकबाकी विचारा. "ओळखीनं लावतो" म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

एक सोपी परीक्षा घरीच घेता येईल. घरातलं कुणी सोसायटीचं सभासद असेल, तर वार्षिक सभेचा अहवाल आणा आणि त्यातला ताळेबंद मुलीसमोर किंवा मुलासमोर ठेवा. "ही थकबाकी एवढी का वाढली?" असं तिनं किंवा त्यानं आपणहून विचारलं, तर बी.कॉम.चा अर्ज निःशंक भरा. पानं नुसतीच उलटली गेली, तर दुसरं क्षेत्र बघा.