रीसेट फुकट, विसरलेला जीमेल महाग

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. चार-सहा महिने फडावर काढायचे, तिथे घरच्यांशी बोलायला एवढा एकच फोन. म्हणून निघण्याआधी तो हँग होणारा फोन दुकानात येतो. ‘दादा, सॉफ्टवेअर मारून द्या.’ बऱ्याचदा साधा फॅक्टरी रीसेट पुरतो, आणि तो फुकट आहे. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘रीसेट’ लिहा, ‘सर्व डेटा मिटवा’ निवडा, झालं. चार्जिंग भरपूर ठेवा.

खरा खर्च वेगळ्याच ठिकाणी निघतो. पॅटर्न विसरला की दुकानात पॉवर आणि आवाजाची बटणं दाबून रीसेट मारतात. फोन सुरू होतो, भाषा विचारतो, वाय-फाय विचारतो आणि मग अडतो: आधीचं गूगल खातं टाका. जीमेल काढून दिलेला असतो फोन विकणाऱ्याने, पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नाही. या कुलपाला एफआरपी म्हणतात. आपल्याकडे एफआरपी म्हणजे उसाचा भाव. हा दुसरा एफआरपी चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये 2015 पासून आहे. अडलेल्या माणसाकडून तो तोडायचे वाटेल तेवढे पैसे मागितले जातात. ते देऊ नका. खात्याला जोडलेलं सिम चालू असेल तर बहुतेक वेळा त्यावरच्या ओटीपीने नवा पासवर्ड करता येतो, एक रुपयाही लागत नाही. त्यानंतर 24 तास थांबून तो फोनमध्ये टाका. तेही जमलं नाही, तर मूळ बिल घेऊन कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र गाठा. मजुरीवर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 300 सांगितले तर 354. हा आकडा फोन हातातून सोडण्याआधी विचारा.

फोटोंची काळजी मला सर्वांत जास्त वाटते. लेकराचा पहिला वाढदिवस, गेलेल्या आजीचा आवाज, सगळं त्या एका फोनमध्ये. हल्लीच्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि रीसेटमध्ये त्याची किल्लीच पुसली जाते. ‘नंतर काढून देतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. गूगलवर 15 जीबी जागा फुकट मिळते. फोटो, नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आधी तिथे चढवा. मेमरी कार्ड आणि सिम काढून ठेवा.

जुना फोन घेताय? विकणाऱ्याला त्याचं खातं तुमच्यासमोर काढायला लावा, रीसेट करायला सांगा आणि तुमच्या जीमेलने फोन सुरू झाल्यावरच पैसे मोजा. *#06# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा, तेही फुकट.

दुकानात फसवणूक झाली तर पावती जपून ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.