हिमप्रदेशातील मोटार आणि प्रवाशाची शिदोरी

(सामान्य विज्ञान : इयत्ता सातवी. दोन तासिका)

पाठाचा हेतू : अतिशीत हवेत पदार्थांच्या गुणधर्मांत कोणते फरक पडतात, त्यामुळे मोटार का अडते आणि वाटेत अडकलेल्या माणसाचे प्राण कशाने वाचतात, हे विद्यार्थ्यांस कारणांसह सांगता यावे.

साहित्य : थिजलेल्या खोबरेल तेलाची बाटली, भारताचा नकाशा, काडेपेटी, मेणबत्ती, काचेचा पेला.

प्रस्तावना : महाराष्ट्रातील कितीतरी गावांचे जवान लडाखात सेवा करतात. नकाशात लेह व द्रास ही ठिकाणे दाखवावीत. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. द्रास येथे हिवाळ्यात पारा उणे 20 अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. वर्गात एखाद्या जवानाचा मुलगा, मुलगी वा भावंड असल्यास प्रथम त्याला बोलते करावे. नंतर "अशा ठिकाणी सकाळी मालमोटार सुरू करणे कठीण का जाते?" हा प्रश्न फळ्यावर लिहावा.

विषयविवेचन

1. डिझेल : खोबरेल तेल सुमारे 24 अंशांखाली थिजते, हे मुलांच्या नित्य अनुभवातील आहे. बाटली उलटी करून दाखवावी. डिझेलमध्येही मेणासारखे घटक असतात. कडाक्याच्या थंडीत त्यांचे कण बनतात, ते गाळणीत अडकतात आणि इंजिनास इंधन पोहोचत नाही. यावर उपाय म्हणून इंडियन ऑइल कंपनीने नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणले. ते उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहते. पेटलेले लाकूड किंवा चूल टाकीखाली ठेवून डिझेल पातळ करणे हा जिवावरचा खेळ होय, हे शिक्षकांनी बजावून सांगावे.

2. इंजिनातील पाणी : पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. नुसते पाणी भरलेले असल्यास ते गोठून इंजिनाचा बिडाचा ठोकळाही तडकू शकतो. म्हणून पाण्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळतात. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण सुमारे उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. गंमत अशी की, निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे 13 अंशांच्या सुमारासच गोठते. हे द्रव्य चवीला गोड परंतु विषारी असते. त्याचे डबे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

3. बॅटरी व वंगण : थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. उणे 18 अंशांस तिची शक्ती निम्म्यावर येते. त्याच वेळी वंगणतेल दाट झाल्याने इंजिन फिरवण्यास अधिक जोर लागतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच बळ घटते. शिवाय उतरलेली बॅटरी उणे 10 अंशांच्या आसपास गोठून फुटते, तर पूर्ण भरलेली बॅटरी उणे 50 अंशांसही टिकते. यास्तव निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरलेली असावी व थंड हवेचे पातळ वंगण घातलेले असावे.

4. चाके, टाकी व ब्रेक : थंडीने टायरमधील हवेचा दाब उतरतो, तो तपासावा. बर्फावर पकड मिळावी म्हणून इंजिनाचे बळ ज्या चाकांस मिळते त्यांवर लोखंडी साखळ्या चढवतात. टाकी निम्म्याहून रिकामी होऊ देऊ नये. रिकाम्या भागातील बाष्प टाकीत पाणी होऊन साचते व नळीत गोठते. मुक्कामी हातब्रेक ओढून ठेवल्यास तो गोठून बसण्याचा संभव असतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांस दगडांची उटी लावावी.

प्रवाशाची शिदोरी : विद्यार्थ्यांकडूनच वस्तू सुचवून घ्याव्यात व प्रत्येकीचे कारण विचारावे. घोंगड्या वा ब्लँकेटे, कोरडे लोकरी मोजे, हातमोजे व कानटोपी, फावडे, चाकाखाली टाकण्यास वाळू वा राख, ओढण्याचा दोर, विजेरी, काडेपेटी, शिट्टी, लाल फडके, प्रथमोपचाराची पेटी, गूळ, शेंगदाणे व सुका मेवा, आणि पिण्याचे पाणी. पाण्याची बाटली काठोकाठ भरू नये. कारण मुलांनीच सांगावे. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. त्याने त्वचेकडील रक्तप्रवाह वाढून शरीरातील उष्णता उलट बाहेर जाते.

गाडी अडकल्यास : प्रवाशाने गाडी सोडून हिमात चालू लागू नये. गाडी हा निवारा आहे आणि शोधणाऱ्यांस ती माणसापेक्षा लवकर दिसते. लाल फडके उंच बांधावे. उबेसाठी इंजिन तासात सुमारे दहा मिनिटेच चालवावे. त्यापूर्वी धूर बाहेर टाकणाऱ्या नळीभोवतीचे हिम फावड्याने काढावे आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी.

या शेवटच्या सूचनेवर शिक्षकांनी विशेष भर द्यावा. नळी हिमाने बुजली तर धूर गाडीतच शिरतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही आणि वासही नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच दगावतो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातील मरी या डोंगराळ गावाजवळ हिमवर्षावात शेकडो मोटारी अडकल्या व किमान 22 माणसे मृत्युमुखी पडली. थंडी आणि हा वायू, अशी दोन्ही कारणे त्या वेळी सांगण्यात आली.

प्रयोग : पेटत्या मेणबत्तीवर पेला उपडा ठेवावा. ज्योत विझते. कोंडलेल्या जागेत ज्वलनास हवा पुरत नाही, हे यावरून दिसते. हवा अपुरी पडली की कोळसा अर्धवट जळतो व तोच विषारी वायू निर्माण होतो.

घराशी संबंध : आपल्या गावी हिम पडत नाही, परंतु पौषातील थंडीत बाळंतिणीच्या खोलीत किंवा म्हाताऱ्या माणसांच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची रीत पुष्कळ घरी आढळते. द्रासच्या मोटारीतील धोका येथेही तोच आहे. निजण्यापूर्वी शेगडी बाहेर काढावी व ती खोलीत असेतो एक झडप उघडी ठेवावी, एवढे प्रत्येक मुलाने त्याच दिवशी घरी सांगावे.

प्रश्न : (1) पूर्ण भरलेली बॅटरी थंडीत का टिकते? (2) निव्वळ पाण्याऐवजी मिश्रण का वापरतात? (3) गाडीची काच थोडी उघडी ठेवल्याने ऊब कमी होते, तरीही ती का उघडावी? (4) तुमच्या घरी रात्री शेगडी कोठे असते?

चौथ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी वहीत टिपून ठेवावीत आणि जेथे धोका दिसेल त्या घरी स्वतः जाऊन पालकांशी बोलावे.