भाकरीवर लिंबू, चहा तासाभरानं



मागे दिघंचीकडच्या एका गटात रक्ताची तपासणी झाली. एका ताईंचं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं ते निदान 12 हवं. ताई मला म्हणाल्या, "मॅडम, रोज बाजरीची भाकरी खाते, गोळ्या बी चालू हायत. मग रगात जातंय कुठं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून एक दिवस त्यांच्या घरीच गेले. काय शिजतं, कोण कधी जेवतं, ते चुलीपुढं बसून बघितलं. या वेळचा पाठ त्यातूनच आलाय.

आधी सांगते, ताईंच्या भाकरीत काही खोट नाही. 100 ग्रॅम बाजरीत 6 मिलिग्रॅमच्या वर लोह असतं. पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसतं. मटकी आणि हुलगा तर आठच्या आसपास जातात. म्हणजे आपल्या आटपाडीच्या माळावर कमी पाण्यात जे येतं, त्यात लोह भरपूर आहे. अडचण पुढं आहे. धान्य-कडधान्यातलं लोह अंगी लागायला अवघड. दाण्यातलेच काही घटक त्याला धरून ठेवतात. सुटून रक्तात किती जाईल, हे सोबत काय खातो त्यावर ठरतं.

आता ताईंचा दिवस बघा. सकाळी शिळी भाकरी चहात कुस्करून. दुपारी रानातून आल्यावर भाकरी आणि हात धुतले की लगेच चहा. लोहाची गोळी कशाबरोबर? "चाबरूबरच. नुसत्या पाण्यासंगं मळमळतंय." तिथंच माझं कोडं सुटलं. चहातला तुरटपणा लोहाला चिकटतो आणि निम्म्याहून जास्त लोह तसंच बाहेर जातं. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, बैठकीत तुम्हीच मला दोन-दोन कप पाजता! पण जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्या. मळमळत असेल तर जेवून मग घ्या, पण बंद करू नका, आशाताईंशी बोला. कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळी.

चहा जे अडवतो, ते लिंबू सोडवतं. उसळीवर, आमटीवर अर्धं लिंबू पिळलं की त्याच जेवणातलं लोह जास्त अंगी लागतं. मात्र लिंबू खाली उतरवल्यावर पिळा, उकळीत त्याचा गुण जातो. पेरू, आवळा, कच्ची कोथिंबीर यांचंही तेच काम. कडधान्याला मोड आणले की धरून ठेवलेलं लोह सुटायला मदत होते. लोखंडी कढई माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा, तिच्यातलं थोडं लोह कालवणात उतरतं.

आणि डाळिंब! आपल्या तालुक्यात बागा आहेत, त्यामुळे "डाळिंब खा, रक्त वाढंल" हे घरोघरी ऐकू येतं. खरं तर डाळिंबात लोह अगदी थोडं, तो लाल रंग लोहाचा नव्हे. फळ चांगलंच आहे, जरूर खा, पण हिमोग्लोबिनसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा हुलग्याचं माडगं करा. हुलगे भाजून दळायचे, पीठ गार पाण्यात गुठळी न होता कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं. कुणी गूळ घालतं, कुणी लसूण-मिरची. मला लसणाचं आवडतं, वरून लिंबू.

त्या दुपारी ताईंनी मटकीची उसळ केली होती. सासरे, मालक, पोरं जेवली, मग सासूबाई. ताई बसल्या तेव्हा डेचकीच्या तळाला नुसता रस्सा होता. त्यांनी खर्डा घेतला. "कोरड्यास उरलं न्हाई. मला चालतंय की." मला माझी आई आठवली. तिच्या ताटात काय असतं, हे मी शिकायला बाहेर जाऊन परत येईपर्यंत कधी बघितलंच नव्हतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह लागतं आणि पाळी येणाऱ्या बाईला 29. जिला जास्त लागतं, तिच्या वाट्याला तळाचा रस्सा. रविवारी मटण झालं तर कलेजी कुणाच्या ताटात जाते, तेही आठवून बघा.

मी म्हटलं, तुमची वाटी आधी काढून ठेवा. ताई म्हणाल्या, "चोरून खाल्ल्यागत वाटतं ओ." बरोबर होतं त्यांचं. मग ठरवलं, लपवून नको, वाढतानाच घरातल्या सगळ्यांच्या वाट्या एका ओळीत मांडायच्या आणि सारख्या भरायच्या. सासूबाई ऐकत होत्या. मला वाटलं आता रागावतील. त्या म्हणाल्या, "मग माझी बी मांड त्यात."

साडेआठ हिमोग्लोबिन नुसत्या खाण्यानं भरून येत नाही, गोळ्या आणि डॉक्टरांचा सल्ला हवाच. ताईंची गोळी आता रात्री जेवणानंतर सरबताबरोबर चालू आहे. पुढच्या बैठकीला येताना आदल्या दिवशी घरात शेवटी कोण जेवलं आणि तिच्या ताटात काय होतं, एवढं सांगायच्या तयारीनं या. चहा बैठक संपल्यावर घेऊ.