लोकप्रतिनिधीची फेरनिवड आणि निवडणुकीचा पैसा

नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील निवडणुकीचे प्रकरण मतदान, मतमोजणी आणि निकाल येथे संपते. उमेदवाराने सभा भरविल्या, पत्रके वाटली, मोटारी फिरविल्या, त्यासाठी पैसा कोठून आला, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. तसेच एकदा निवडून आलेला प्रतिनिधी पुन्हा मतदारांपुढे उभा राहतो तेव्हा त्याचे पारडे कशाने जड होते आणि कशाने हलके, याचाही ऊहापोह तेथे आढळत नाही. हे दोन्ही प्रश्न एखादा ठरावीक मतदारसंघ डोळ्यांपुढे ठेवून सोडविले तर अधिक सुगम होतील, म्हणून आम्ही येथे बारडोलीचे उदाहरण घेतले आहे.

बारडोली आपणांस दूरची नाही. सुरतेहून निघालेली तापी खोऱ्यातील आगगाडी बारडोली, व्यारा, सोनगड ही स्थानके मागे टाकून नवापुरास महाराष्ट्रात प्रवेश करते. १ मे १९६० पर्यंत तर सुरत जिल्हा मुंबई राज्यातच होता. १९२८ च्या सत्याग्रहामुळे हे नाव प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानांवर गेलेले आहे. मात्र 'बारडोली' नावाचा लोकसभा मतदारसंघ त्या मानाने अगदी अलीकडचा, २००८ च्या फेररचनेत निर्माण झालेला. मांगरोळ, मांडवी, कामरेज, बारडोली, महुवा, व्यारा आणि निझर हे विधानसभेचे सात मतदारसंघ त्यात मोडतात. (ही मांडवी कच्छातील नव्हे आणि हे महुवा भावनगराकडील नव्हे, नकाशा पाहताना पुष्कळांचा येथे घोटाळा होतो.) सुरत व तापी या दोन जिल्ह्यांत पसरलेला हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे.

या मतदारसंघाची पहिली निवडणूक २००९ साली झाली. काँग्रेस पक्षाचे डॉ. तुषार चौधरी निवडून आले. गुजरातचे माजी मुख्यमंत्री अमरसिंह चौधरी यांचे ते चिरंजीव. २००४ पासून ते लोकसभेत होतेच, आणि पुढे केंद्रात राज्यमंत्रीही झाले. वडिलांचा नावलौकिक, दहा वर्षांची खासदारकी, मंत्रिपद, अशी सर्व अनुकूलता असताना २०१४ साली त्यांचा पराभव झाला, आणि तोही सव्वा लाखाच्या आसपास मतांनी. विजयी झालेले प्रभुभाई वसावा हे दोनच वर्षांपूर्वी, २०१२ साली, काँग्रेसच्याच तिकिटावर मांडवीतून विधानसभेवर गेले होते. लोकसभेच्या वेळी ते भारतीय जनता पक्षात आले. पुढे २०१९ साली तेच वसावा विद्यमान खासदार या नात्याने उभे राहिले आणि त्याच प्रतिस्पर्ध्यावर दोन लाखांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले. २०२४ साली काँग्रेसने सिद्धार्थ चौधरी यांना उभे केले. तेव्हाही वसावांचे मताधिक्य दोन लाखांच्या वरच राहिले.

म्हणजे एकाच जागेवर बसलेल्या दोन प्रतिनिधींपैकी एकास त्या जागेने तारले नाही आणि दुसऱ्यास दोनदा तारले. तेव्हा 'जो बसला आहे तोच पुन्हा येतो' असा नियम मांडता येत नाही, आणि 'लोक बसलेल्यास उठवितातच' असेही म्हणता येत नाही.

विद्यमान प्रतिनिधीस काही गोष्टी आपोआप लाभतात. त्याचे नाव घराघरांत माहीत झालेले असते. अधिकारी त्याचा शब्द ऐकतात. शिवाय १९९३ सालापासून खासदारांसाठी स्थानिक क्षेत्र विकास योजना आहे. तिच्याद्वारे प्रत्येक खासदारास वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचविता येतात. पैसा त्याच्या हाती येत नाही. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो आणि मंजुरीही तेच देतात. परंतु समाजमंदिराच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या दर्शनी फलकावर नाव खासदाराचे असते, आणि तो फलक निवडणूक संपल्यावर उतरवावा लागत नाही. प्रतिस्पर्ध्याने एवढी जाहिरात स्वतःच्या खर्चाने करावयाची म्हटल्यास त्याचे दिवाळे निघेल!

याची दुसरी बाजू अशी की, पाच वर्षांत न झालेल्या प्रत्येक कामाचा धनीही तोच ठरतो. रस्ता अर्धवट राहिला, कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचले नाही, की बोट त्याच्याकडेच दाखविले जाते. त्यातून आपल्याकडील मतदार बहुधा पक्षाकडे व त्याच्या मोठ्या नेत्याकडे पाहून मत देतो. पक्षाचा वारा फिरला की प्रतिनिधीची वैयक्तिक पुण्याई त्यास थोपवू शकत नाही. २०१४ साली देशभर जे घडले त्यात बारडोलीही होती. अमेरिकेत याहून निराळे दृश्य दिसते. तेथील प्रतिनिधिगृहाचे जे सभासद पुन्हा उभे राहतात त्यांपैकी दहांतले नऊ तरी बहुतेक निवडणुकांत परत येतात. तेथे उमेदवार स्वतःच्या नावाने निधी उभारतो, आणि विद्यमान सभासदाकडे देणग्यांचा ओघ आपसूक वळतो. त्याने किती गोळा केले आणि कोणाकडून, याचे आकडे निवडणुकीपूर्वीच प्रसिद्ध होतात; कोण निवडून येईल याचा अंदाज लोक त्या आकड्यांवरूनही बांधतात.

आपल्याकडे असा अंदाज बांधणे कठीण, कारण उमेदवाराचा पैसा आणि पक्षाचा पैसा यांच्यामध्ये कायद्याने एक भिंत घातलेली आहे. ती भिंत नीट पाहिली पाहिजे.

उमेदवाराने किती खर्च करावा यास मर्यादा आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या एक-सदस्य मतदारसंघासाठी ती बहुतेक राज्यांत २५,००० रुपये होती. २०२२ पासून मोठ्या राज्यांत ती ९५ लाख आहे. आकडा ऐकून डोळे विस्फारतात, पण थोडे गणित करून पाहू. २०२४ साली बारडोलीत सुमारे २० लाख मतदार होते. ९५ लाखांस २० लाखांनी भागिले तर मतदारामागे पावणेपाच रुपये येतात. १९५१-५२ साली सरासरीने एका जागेमागे साडेतीन लाख मतदार धरले, तर तेव्हाचा भाग एका आण्याहून थोडा अधिक येतो. सत्तर वर्षांतील महागाई लक्षात घेता ही मर्यादा उधळपट्टीची मुळीच नव्हे. तीत राहून प्रामाणिक उमेदवारास सात तालुक्यांएवढा प्रदेश पालथा घालणे जिकिरीचेच आहे.

या मर्यादेच्या आत खर्च झाला की नाही, हे पाहण्याची व्यवस्था मोठी बारकाईची आहे. अर्ज भरण्यापूर्वी उमेदवाराने निवडणुकीसाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडावयाचे असते. जिल्हा निवडणूक अधिकारी चहा, नाश्ता, खुर्च्या, मांडव, ध्वनिक्षेपक, मोटार अशा वस्तूंचे दर ठरवून देतात. उमेदवाराने सभेत चहा कमी भावाने पाजल्याचे लिहिले, तरी हिशेब त्या दरानेच धरला जातो. खर्च-निरीक्षक प्रचाराच्या काळात तीन वेळा तरी नोंदवही तपासतात. निकालानंतर ३० दिवसांच्या आत संपूर्ण हिशेब सादर करावा लागतो. तो योग्य कारणाशिवाय न देणारास निवडणूक आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो.

एवढा बंदोबस्त उमेदवाराच्या बाजूस. आता भिंतीच्या पलीकडे पाहू. पक्षाने आपल्या सर्वसाधारण प्रचारासाठी किती खर्च करावा यास मर्यादाच नाही. मोठा नेता विमानाने आला तर त्याच्या प्रवासाचा खर्च, ठरलेल्या नियमांत बसत असल्यास, उमेदवाराच्या खाती पडत नाही. १९७४ साली कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही भिंत पाडू पाहिली होती. उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराचाच धरला पाहिजे, असा निर्णय देऊन न्यायालयाने दिल्लीतील एक निवडणूक रद्द ठरविली. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून भिंत पुन्हा उभी केली. २००३ च्या दुरुस्तीने तिला एक खिंड पडली एवढेच. उमेदवाराच्या नावे केलेला बराचसा खर्च तेव्हापासून त्याच्या हिशेबात येतो, पक्षाचा सर्वसाधारण प्रचार मात्र अद्याप बाहेरच आहे. आमच्या मते मर्यादेचे खरे मर्म येथे हरवते. चहाच्या पेल्याचा दर ठरविणारा कायदा हेलिकॉप्टरापुढे डोळे मिटतो.

मग पक्षाकडे पैसा येतो कोठून? हा प्रश्न स्वराज्याच्या पहिल्याच दशकात मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे आला होता. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल करण्यास न्यायालयाची संमती मागितली. मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी १९५७ साली संमती दिली, कारण कायद्यात अशा देणगीस मनाई नव्हती. परंतु या प्रथेने लोकशाहीस मोठा धोका पोहोचेल, असा स्पष्ट इशारा त्यांनी निकालपत्रात दिला आणि संसदेचे लक्ष तिकडे वेधले. संसदेने १९६० साली मर्यादा घालून परवानगी दिली, १९६९ साली देणग्यांवर बंदी घातली, १९८५ साली बंदी उठविली, २०१३ साली मर्यादा वाढविली आणि २०१७ साली ती काढूनच टाकली. २०१८ साली निवडणूक रोख्यांची योजना आली. स्टेट बँकेतून रोखा विकत घ्यावा आणि पक्षास द्यावा; देणाराचे नाव मतदारास कळू नये, अशी ती योजना होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ती घटनाबाह्य ठरविली. मतदारास माहिती मिळण्याचा हक्क आहे आणि तो या गुप्ततेने हिरावला जातो, हे त्यांचे प्रमुख कारण. त्यानंतर नावे प्रसिद्ध झाली. एकूण रोखे १६,००० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे होते. सर्वांत मोठा वाटा केंद्रात सत्तेवर असलेल्या भारतीय जनता पक्षास मिळाला होता. तृणमूल काँग्रेस, काँग्रेस, भारत राष्ट्र समिती या पक्षांसही मोठ्या रकमा मिळाल्या होत्या. जो पक्ष जेथे सत्तेवर, तेथे त्याच्याकडे ओघ, हे त्यावरून ध्यानी येते. ही नावे मतदानाच्या अगोदर मतदारांपुढे आली याचे श्रेय न्यायालयास आहे.

पैसा असला म्हणजे विजय ठरलेलाच, असे मात्र कोणी समजू नये. सदोबा पाटील हे मुंबई काँग्रेसचे अनभिषिक्त राजे मानले जात. तीन वेळा महापौर, केंद्रात मंत्री, आणि पक्षासाठी निधी उभारण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता. १९६७ साली दक्षिण मुंबईत कामगारांचे तरुण पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांचा पराभव केला. ज्याच्या शब्दावर व्यापारपेठ थैल्या मोकळ्या करी, त्यास स्वतःची जागा राखता आली नाही. पुढे दोन वर्षांनी ते लोकसभेत परत आले ते गुजरातेतील बनासकांठ्याच्या पोटनिवडणुकीतून.

बारडोलीच्याच इतिहासात लोकप्रतिनिधी आणि पैसा यांचा एक उलटा प्रसंग आहे. १९२८ साली सरकारने तालुक्याचा शेतसारा २२ टक्क्यांनी वाढविला आणि वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरण्याचे नाकारले. जप्त्या सुरू झाल्या. लढ्यास पैसा हवा होता. त्या वेळी वल्लभभाईंचे वडीलबंधू विठ्ठलभाई हे मध्यवर्ती कायदेमंडळाचे निवडून आलेले अध्यक्ष होते. लढा चालेल तोवर दरमहा १,००० रुपये पाठवीन, असे त्यांनी गांधीजींना कळविले. अध्यक्षाने पक्षपाती होऊ नये, अशी टीका ओढवण्याचा धोका पत्करून त्यांनी हे केले. मुंबई कौन्सिलातील गुजरातच्या काही सभासदांनी तर जागांचेच राजीनामे दिले. कन्हैयालाल मुन्शी त्यांपैकी एक. फेरनिवड होईल की नाही याची पर्वा न करता त्यांनी जागा सोडल्या. अखेर चौकशी झाली आणि सहा टक्क्यांच्या आसपास वाढ योग्य ठरली.

तो काळ निराळा होता आणि ती निवडणूकही नव्हती, हे आम्ही जाणतो. विठ्ठलभाईंसारखे आजच्या प्रत्येक खासदाराने करावे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तुलना एवढ्यापुरतीच की, विठ्ठलभाईंच्या हजार रुपयांविषयी कोणास काही शंका घ्यावयास जागा नव्हती. देणारा, घेणारा आणि कारण ही तिन्ही उघड होती. बारडोलीतून २०२९ साली कोण उभे राहील आणि विद्यमान खासदार पुन्हा येतील की नाही, याचे भाकीत करण्यात आम्हांस रस नाही. त्यांच्या आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या पाठीशी कोणाचा पैसा आहे, हे कामरेजच्या ऊस-बागाइतदारास आणि निझरच्या मजुरास मत देण्यापूर्वी कळते की नाही, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

त्यातील उमेदवाराचा भाग तरी कळण्याची सोय आजही आहे. उमेदवार अर्जासोबत मालमत्ता, कर्ज आणि खटले यांचे प्रतिज्ञापत्र देतो; तो नियम २००२ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयातून आला. निकालानंतर दिलेला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे असतो. तो पाहण्यास त्या मतदारसंघाचा मतदारही असावे लागत नाही. निवडणूक नियमांप्रमाणे कोणासही तो पाहता येतो, आणि त्याची फी एक रुपया आहे. प्रत हवी असल्यास तिचे शुल्क निराळे.